एदुर्नेचा दगड

मित्रांनो, मी दफनभूमीतला एक जुना, करडा दगड आहे. स्पेनच्या उत्तरेला, बास्क लोकांच्या डोंगरातल्या एका खेड्यात, चर्चच्या मागे, मी उभा आहे.

बालेंदिन पाथरवटाने मला खाणीतून आणले, घासले आणि माझ्यावर एक नाव कोरले: एदुर्ने. आमच्या बास्क भाषेत एदुर्ने म्हणजे बर्फ. ती माशिमाची मुलगी. नऊ वर्षांची असताना घटसर्पाने गेली.

माशिमा दर रविवारी यायची. ओल्या फडक्याने मला पुसता पुसता लेकीशी गप्पा मारायची. "अगं, तुझी शेळी व्याली बघ. दोन्ही करडं काळीकुट्ट, बापावर गेलीत मेली!" मला तिच्या येण्याची सवय झाली होती.

मग युद्ध झाले आणि माद्रिदमध्ये हुकूमशहा बसला. शाळेत बास्क बोलणाऱ्या मुलांना छड्या बसू लागल्या. एके दिवशी सरकारी कारकून दफनभूमीतही आला. माझ्यासमोर थांबून तो माशिमाला म्हणाला, "हे नाव चालणार नाही. पंधरा दिवसांत खरवडून काढा. निएवेस लिहा. स्पॅनिशमध्ये तेही बर्फच. अर्थ तोच की!"

"अर्थ असेल तोच, साहेब. पण निएवेस म्हणून हाक मारली तर माझी पोर वळून बघायची नाही."

"मेलेली पोर तशीही वळत नाही, बाई."

पंधराव्या दिवशी बालेंदिन आला. त्याची मान खाली होती. "माशिमा, मी नाही केलं तर ते दगडच फोडतील गं."

"कर बाबा. पण दुसरं नाव घालू नकोस. कोरंच राहू दे."

हात ओळखीचा होता, म्हणून घाव जास्त लागले. तो मधूनमधून थांबून छिन्नीला धार लावत होता. धार तर होतीच.

पुढच्या रविवारी माशिमा लेकीशी बोलू लागली, तोच फाटकावरचा शिपाई ओरडला, "ए, माणसासारखं बोल! भुंकू नकोस!" ती गप्प झाली. त्यानंतर छत्तीस वर्षे ती येत राहिली, मला पुसत राहिली, पण बोलली नाही. धाकट्या मुलाशी, कांदिदोशी, घरीसुद्धा मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्येच बोले. "त्याला तरी मार बसायला नको," असे ती बालेंदिनला सांगताना मी ऐकले. माझ्यावर शेवाळ चढत गेले.

शेवटी हुकूमशहा म्हातारा होऊन मेला. नावांवरची बंदी उठली. बालेंदिन तोवर राहिला नव्हता. एका नव्या पाथरवटाने खरवडलेल्या खोलगट जागेत पुन्हा एदुर्ने कोरले. माशिमा कांदिदोच्या मुलीचा हात धरून आली. अक्षरांवरून बोटे फिरवत ती बास्कमध्ये म्हणाली, "उशीर झाला गं मला. गुडघे साथ देत नाहीत."

नातीने स्पॅनिशमध्ये विचारले, "आजी, काय म्हणालीस?"

माशिमाने तिच्याकडे पाहिले. मग मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "काही नाही गं. चल, ऊन वाढलं."

मित्रांनो, मी थकलो आहे. नाव परत कोरायला एक सकाळ पुरली. त्या पोरीला आजीचे बोलणे कळायला किती वर्षे लागतील, मला ठाऊक नाही. तुमच्या घरात कुणी जुन्या बोलीत बोलत असेल, तर हसू नका. "म्हणजे काय?" असे विचारा, आणि "काही नाही" म्हणाले तर उठून जाऊ नका.