वाघाला हिरवा बावटा

“सप्तशृंगी आईची आण! यातला एक शब्द जरी खोटा निघाला, तर जीभ झडून हातात पडंल माझी!”

सविताच्या आजीनं, झुंबरबाईंनी, हे एवढ्या जोरात सांगितलं, की निरगुडे सरांचा चहा बशीत सांडला. सवितानं घाईघाईनं टेपरेकॉर्डरची दोन बटणं एकदम दाबली.

रोमँटिसिझमच्या पेपरचा शेवटचा प्रोजेक्ट. अख्ख्या वर्गानं विलायती कवींची फुलं आणि विलायती चंद्र आपसांत वाटून घेतले होते. सविताला मात्र हवी होती स्वतःची आजी आणि आजीच्या थापा. सर इंदिरानगरातच, पलीकडच्या गल्लीत राहायचे, म्हणून स्वतःच घरी आले होते. “आधी ऐकतो,” ते म्हणाले होते. “नाही पटलं, तर तू बर्फाच्छादित शिखरांवर लिही.” आणि बर्फ सवितानं पाहिला होता तो फक्त रसवंतीत.

“आमचे हे मनमाडला सांधेवाले,” आजी सरसावून बसली. “म्हंजे कुठली गाडी कुठल्या रुळावर, ते यांच्या हातात. एकदा भल्या पहाटं वाघ आला. थेट रुळात बसला! मालगाडी शिट्ट्या मारतीय, वाघ हलंना. स्टेशनमास्तर टेबलाखाली. मग ह्यांनी काय करावं? काढला हिरवा बावटा, अन् दाखवला!”

“ड्रायव्हरला?”

“वाघाला हो! त्यानं मान लववली, गुमान निघाला. पण शेपटी एवढी लांब, की रूळ ओलांडता ओलांडंना. मालगाडी लेट झाली ती त्या शेपटीपायी.”

सरांना हसता हसता ठसका लागला. सवितानं मनातल्या मनात उडी मारली. जमलं!

“मग हे घरी आले. म्हणले, झुंबर, चहा टाक.”

सरांनी डोळे पुसले, कप खाली ठेवला.

“मजा आली, आजी. पण सविता, ही गंमत झाली. ते कवी उगाच नव्हते गं रचत. जे आहे ते सोसत नव्हतं, म्हणून रचत होते. ते यात कुठंय?”

सर उठले, दाराशी जाऊन चप्पल शोधू लागले.

“अहो मास्तर, थांबा की.” आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “एक बारकी गोष्ट मी पदरची घातलीय. बाकी समदं खरं.”

“शेपटी ना?” सविता म्हणाली.

“शेपटी होती तेवढीच होती.”

“मग?”

“चहा मी टाकला होता. पार गार झाला. हे परत कधी आलेच नाय.”

लहानपणापासून सवितानं इतक्या वेळा ऐकलेल्या गोष्टीत चहा कधी चुकला नव्हता.

सरांनी पायात घातलेली चप्पल काढली आणि परत येऊन खुर्चीवर बसले.

“कॅसेट किती उरलीय?” त्यांनी सविताला हळूच विचारलं.