ओली सही

“चार दिवस आमचंच दार चुकवून पुढं जाताय, हवालदार! इथं कुत्रं चावतं असं कुणी सांगितलं?” दारात उभा राहून विस्तिन हसला. त्याच्या हातांना मासळीचा वास होता.

नाझ्यू हसला नाही. ज्यांच्याशिवाय मत देता येत नाही ती मतदानपत्रे गोझो बेटावर घरोघर पोचवणे हे पोलिसांचेच काम. गावची सारी पत्रे वाटून झाली होती. हे एकच उरले होते. सकाळी चौकीत फौजदाराने हळूच विचारले होते, “तुझ्या बायकोचं मी नेऊन देऊ का रे?” ‘बायको’ हा शब्द कानांवर पडून किती वर्षे झाली होती! तो म्हणाला होता, “नको साहेब. मीच देतो.”

अकरा वर्षांपूर्वी चेन्सा त्याचे घर सोडून या कोळ्याकडे आली. देशात घटस्फोटाचा कायदाच नव्हता. म्हणून कागदोपत्री ती अजूनही चेन्सा स्किक्लुना, त्याचीच. शनिवारी सारा देश घटस्फोटाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणणार होता. चार दिवस ते पाकीट नाझ्यूच्या छातीवरच्या खिशात होते. जणू ते पोचले नाही, तर तीही कुठे जाणार नाही.

“चेन्सा, ये गं, तुझा पाहुणा आलाय!” विस्तिनने आत हाक घातली. रोजच्या वापराने गुळगुळीत झालेली ती हाक नाझ्यूच्या काळजाला खडबडीत लागली.

ती बाहेर आली. तिला चष्मा लागला होता. कधी लागला, हे विस्तिनला ठाऊक असणार.

“चुरगळलंय,” पाकीट पाहून ती म्हणाली.

“पिशवीत दाटी होती.”

“खोटं बोलताना अजून कान लाल होतात तुझे. तू ‘नाही’च म्हणणार ना?”

“ते विचारायचं नसतं.”

“विचारलं नाही रे. सांगितलं.”

नाझ्यूने पोचवही आणि आपले शाईचे पेन पुढे केले. विस्तिन सवयीने वळून वाकला. तिने वही त्याच्या पाठीवर टेकवली आणि नाझ्यूचे आडनाव सावकाश लिहिले, लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये लिहिले होते, अगदी तसेच.

“या नावाची शेवटचीच सही म्हणायची!” विस्तिन खालूनच म्हणाला.

“गप रे तू,” ती म्हणाली.

दार लागले. शाई अजून ओली होती. वही मिटली असती तर नाव फिसकटले असते. नाझ्यूने ती दोन्ही तळहातांवर उघडीच धरली आणि चौकीची जवळची वाट सोडून तो भर उन्हात समुद्राकडच्या लांबच्या वाटेने चालू लागला.