मोर्चाला नेसवलेलं कापड

निवडणुका घ्या, असं सरकारला बजावायला किन्शासातल्या चर्चमधून मिस्सेच्या प्रार्थनेनंतर मोर्चा निघणार होता. न्गालुलाने लेकीला, बेनीला, मेरीमातेचं चित्र छापलेलं कापड कमरेभोवती घट्ट नेसवलं.

“मातेवर गोळी कोण झाडेल?”

“आई, बदकासारखी चालेन मी यात.”

“चाल. देवाच्या कामाला घाई कशाला?”

शिपायांनी गोळ्या झाडल्या तेव्हा सगळे पळाले. बेनीला त्या कापडात पाय उचलता येईना. पाठीत गोळी लागून ती जागीच गेली.

सुतकाच्या चटईवर बसलेल्या न्गालुलाला फादर हळूच म्हणाले, “रविवारी पुन्हा निघायचंय.”

“निघा. पण आधी वेदीवरून सांगा, पोरींनी पँट घालून यावं.”

पँट घातलेल्या मुलींना फादर आजवर दारातूनच परत पाठवत. ते तिच्याशेजारी चटईवर बसले.