पहिल्या रात्रीची काच

वेधशाळेत काचा मोजायला लागले तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. रात्री दुर्बिणीतून काचेवर फोटो घेतले जात आणि सकाळी त्या काचा आमच्या खोलीत येत. खोलीत आम्ही दोघीच, मी आणि ताई. ताई माझ्या नात्यातल्या नव्हत्या. माझ्याआधी अकरा वर्षं नोकरीला लागलेल्या, म्हणून ताई.

काचेवर तारे काळ्या ठिपक्यांसारखे दिसत. लघुग्रह असला तर तो सरकत असल्यामुळे बारीक रेघ उमटे. सूक्ष्मदर्शकाखाली तिची टोकं मोजली की आकाशातली त्याची जागा कळे. मोजताना ताई श्वास रोखत आणि आकडा सांगितला की सोडत. त्यांचं बघून मलाही तीच सवय लागली. शिपाई म्हणायचा, "या खोलीत कोणीतरी पोहतंय असं वाटतं."

एका सकाळी माझ्या काचेवर पापणीच्या केसाएवढी रेघ दिसली. इतकी लांब, म्हणजे तो पृथ्वीच्या अगदी जवळून चालला होता. ताईंनी भिंगाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"हा कुठल्याच यादीत नाही," त्या म्हणाल्या. "हा तुझा."

तीन रात्री तो सापडला. मग बारा दिवस ढग. आभाळ मोकळं झालं तेव्हा गणिताने सांगितलेल्या जागी काहीच नव्हतं. साहेबांनी मापं ताडून पाहिली. पहिल्या रात्रीचं बाकीच्या दोन्हींशी जुळेना.

"हे कोणी मोजलं?"

मोजलं होतं मी. ताई म्हणाल्या, "मी."

साहेबांनी वहीत 'शंकास्पद' असं लिहिलं. पुढच्या बढतीत ताईंचं नाव नव्हतं. मी तोंड उघडलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही. डबा मात्र आम्ही रोज एकत्रच खायचो.

मी निवृत्त झाल्यावर वेधशाळेतल्या एका तरुण संशोधिकेचा फोन आला. एक लघुग्रह जवळ येत होता. त्याची वाट मागे मागे काढत ती चौतीस वर्षांपूर्वीच्या आमच्या वहीपाशी पोचली होती.

"काकू, ती पहिली काच शोधायला याल का? कपाटांवरचे आकडे आम्हाला कळत नाहीत."

गेले. काच सापडली. ती मुलगी काच मोजत असताना मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

"माप अचूक आहे," ती म्हणाली. "वेळ चुकली आहे. याच काचेवर एक ओळखीचा लघुग्रह आहे, त्याच्यावरून कळतं. त्या रात्री घड्याळ सात मिनिटं मागे होतं."

तिथून तडक ताईंकडे गेले. त्या भाचीकडे राहतात. दिसतं आता कमीच. सगळं सांगितलं.

"माप बरोबर होतं हे मला ठाऊक होतं," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या दिवशी मी काच परत मोजली होती."

"मग साहेबांना सांगायचं ना."

"सांगितलं. म्हणाले, स्वतःची चूक झाकू नका."

"आणि मला?"

"तू धावत त्यांच्याकडे गेली असतीस. तुझी नोकरी तेव्हा कच्ची होती, घरी आई अंथरुणाला खिळलेली."

मी रडले. ताईंनी रडू दिलं.

पुढच्या महिन्यात नवा अहवाल आला. पहिल्या वेधाचं मापन म्हणून त्यात आम्हा दोघींची नावं होती. मी ते पान ताईंना दोनदा वाचून दाखवलं. त्यांनी भाचीला स्वयंपाकघरातून हाक मारली.

"जरा बाहेर ये. ही आणि मी एका खोलीत एकोणीस वर्षं होतो."