लाल खटका

बारक्याने शेवटचा स्क्रू काढून काँप्युटरमधला सप्लायचा डबा नाकाजवळ नेला आणि तोंड वाकडं केलं. झाकण न उघडताच जळका वास येत होता.

“गेला,” तो म्हणाला. “पार राख झालीय याची.”

स्टुलावर बसलेल्या काकूंनी मांडीवरची पिशवी घट्ट धरली. “म्हणजे तिचं सगळं गेलं?”

“छे हो काकू. हा नुसता वीज देणारा डबा. बाकीचं शाबूत असणार. थांबा, माझा सप्लाय जोडून दाखवतो.”

काकूंचे यजमान, मास्तर, दुकानाच्या दाराशी पाठमोरे उभे होते. काँप्युटर खांद्यावर घेऊन दोन मजले तेच उतरले होते. जन्मभर वायरमनचं काम केलेला माणूस. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असायचाच. बारक्या त्यांच्याच हाताखाली शिकला. तेव्हा काडीसारखा होता म्हणून मास्तरांनी हे नाव ठेवलं. आता पोटावर शर्टाची बटणं ताणतात, पण नाव काही सुटलं नाही.

दुकानातला सप्लाय जोडताच पडदा उजळला. काकूंचा जीव भांड्यात पडला.

“जरा लाव ना रे. थोडंसंच. चार दिवस झाले ऐकून.”

फाईल समोरच होती. बारक्याने ती सुरू केली आणि दुकानभर काकूंच्या मुलीचा आवाज घुमला. रेडिओवर बातम्या वाचायचं तिच्या मनात होतं, त्याचा तो सराव. ‘उच्चाधिकार समितीच्या’पाशी तिची जीभ अडखळली, ती खळखळून हसली, म्हणाली, “थांब हं, परत.” आणि पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी बारक्याने हिला कितीदा सायकलवरून शाळेत सोडलं होतं. ती जाऊन दोन वर्षं झाली होती.

मास्तर दुकानाबाहेर पडले. रस्ता ओलांडून पलीकडे, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या.

“सकाळी उठले की लावते बघ,” मग त्या म्हणाल्या. “ते थेट झोपेपर्यंत. घरात माणूस असल्यासारखं वाटतं.”

जळका डबा बारक्या उगाच हातात फिरवत होता, तेव्हा मागचा लाल खटका दिसला. खटका एकशे पंधरा व्होल्टवर होता. घरात वीज येते दोनशे तीसची. खटका तिकडे ढकलून बटण दाबलं की डबा खलास. आणि हा खटका धूळ पुसताना सरकत नाही, नखानेही सरकत नाही. खाचेत चपटं टोक घालून ढकलावा लागतो. खाचेच्या कडेला ताजा ओरखडा होता.

आधी लाल खटका बघायचा, मग वायर लावायची. हे बारक्याकडून मास्तरांनीच पाठ करून घेतलं होतं. एकदा विसरला तेव्हा पाठीत धपाटाही मिळाला होता.

तो डबा घेऊन रस्त्यापलीकडे गेला.

“मास्तर, हे...”

“दिसलं ना?” मास्तरांनी मान वळवली नाही. “तुला दिसणारच. आतल्या फायलींना धक्का लागत नाही त्याने. तेवढं ठाऊक होतं, म्हणून केलं.”

“अहो, पण काकूंना सांगायचं ना, बंद ठेवा म्हणून.”

“कुठल्या तोंडाने सांगू? बाप आहे मी तिचा.” मास्तर भिंतीचा पोपडा नखाने काढत राहिले. “दिवसातून पन्नास वेळा हसते रे ती. त्याच शब्दाला. पन्नास वेळा वाटतं, आता आतल्या खोलीतून बाहेर येईल. नाही सहन होत मला.”

बारक्याने डबा फिरवून खटक्याची बाजू आपल्याकडे केली.

“पहिला दिवस बरा गेला,” मास्तर म्हणाले. “मग ही काळ्या पडद्यासमोर बसून राहायला लागली. जेवण नाही, बोलणं नाही. म्हटलं, आपण घातलेला घोळ आपणच निस्तरावा.”

दोघे दुकानात आले. बारक्याने कपाटातून दोन नवे डबे काढून टेबलावर ठेवले आणि कुणाकडेच न बघता सांगायला लागला.

“हा साधा, तुमच्या जुन्यासारखाच. आणि हा दुसरा जरा वजनदार. याला खटका नाही. वीज कितीची आहे ते हा आपलं आपण ओळखतो.”

“मला मेलीला काय कळतंय त्यातलं,” काकू म्हणाल्या. “यांना विचार.”

मास्तरांनी साधा डबा उचलला. त्याच्या लाल खटक्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग तो बाजूला ठेवला.

“खटका नसलेला दे.”

“नक्की?”

“नक्की म्हणतोय ना. आणि आण इकडे, मीच बसवतो. तुझे स्क्रू सैल राहतात.”

मास्तर गुडघे दुमडून खाली बसले. डबा आत सारला, वायरी जोडल्या, एकेक स्क्रू आवळायला घेतला. तीन झाले, तेव्हा काकू हळूच म्हणाल्या,

“बारक्या, ते कानाला लावायचं असतं बघ. आहे का तुझ्याकडे?”

“हेडफोन? आहे की.”

“एक दे. घरात सगळ्यांना कशाला ऐकायला लावायचं उगाच.”

घरात दोघंच होते. मास्तरांचा हात थांबला. काकू पिशवीचा बंद गुंडाळत होत्या, त्यांनी वर बघितलं नाही. जरा वेळाने मास्तरांनी चौथा स्क्रू आवळला आणि बटण दाबलं. डब्यातला पंखा फिरायला लागला.

“चालतंय का बघा,” म्हणत बारक्याने हेडफोन काकूंच्या डोक्यावर बसवला. तो जरा तिरकाच बसला. त्याने फाईल सुरू केली. दुकानात पंख्याच्या घरघरीशिवाय कसलाच आवाज नव्हता.

मास्तर खाली बसूनच काकूंच्या तोंडाकडे बघत होते. थोड्या वेळाने काकूंच्या ओठांचे कोपरे किंचित वर गेले.

मास्तरांचेही ओठ हलले. आवाज न करता ते म्हणाले, थांब हं, परत.