ताईत आणि वाळूची गोणी

वेंगुर्ल्याच्या बंदराजवळ ताईतवाल्या स्वामींच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. संगणकाच्या पडद्यावर लष्करी ट्रक. स्वामींनी बटण दाबलं, गाडीखाली सुरुंग फुटला आणि ड्रायव्हरची आकृती लालभडक झाली, म्हणजे ड्रायव्हर गेला. बायका किंचाळल्या. मग स्वामींनी संगणकावर ताईत ठेवून गाऱ्हाणं घातलं, "बा सर्वेश्वरा, ह्या लेकरांच्या गाडीक वज्राचो पत्रो घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी डोळे मिटून हात जोडले.

पुन्हा स्फोट. ड्रायव्हर हिरवागार!

"ह्याला सर्वर म्हणतात," स्वामी गरजले. "सर्व-वर! जो सर्वांच्या वर, तोच आत बसलाय!"

माझी शेजारीण शेवंती मासे विकते. तिचा एकुलता मुलगा बाळा लष्करात, काश्मीरमध्ये असाच ट्रक चालवायचा. सुरुंगाच्या भीतीने पायाखाली वाळूच्या गोण्या ठेवायचा. स्वामी तिला म्हणाले होते, "गोणी म्हणजे अविश्वास. ताईत आणि गोणी एका गाडीत नांदत नाहीत." तिच्या हातातल्या पाकिटात ताईत होता, सोबत चिठ्ठी: गोण्या काढून टाक. बाळा आईचा शब्द मोडणारा नव्हे. टपाल चारला निघायचं.

माझं सोमवारचं मौन दिवेलागणीपर्यंत असतं. म्हणून मी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नाही, आणि डोळे उघडेच राहिले. गाऱ्हाणं घालताना हात जोडतात. स्वामींचा डावा हात मात्र कीबोर्डवर होता.

मी शेजारी बसलेल्या माझ्या लेकीला, प्राजक्ताला, खूण केली. ती पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, सुट्टीवर आली होती. ती कुजबुजली, "आई, पुण्याला आम्ही हेच करतो. गाडी कुठे कमजोर आहे, ते खरी गाडी उडण्याआधी पडद्यावर उडवून बघायचं."

शेवंती उठली. "वयनी, टपाल चुकतला माजा."

सोळा वर्षांचं व्रत मी तिथेच मोडलं.

"थांब गो शेवंती! म्हाराजांनू, गाऱ्हाणा परत घाला. दोनय हात जोडून."

स्वामी कडाडले, "बाई, मौन मोडलंत. पाप लागेल!"

"लागांदे. हात जोडा."

मागच्या बायकांतून हौसाबाई ओरडली, "जोडा मां! देवाफुडे हात जोडूक लाज कसली?"

स्वामींनी हात जोडले. या वेळी डोळे कुणीच मिटले नाहीत. प्राजक्ताने पुढे होऊन बटण दाबलं. ताईत जागच्या जागी, आणि ड्रायव्हर लालभडक.

तिने ताईत उचलून बाजूला ठेवला आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा दाखवला. "पत्र्याची जाडी तीन मिलिमीटर. म्हाराजांचा चमत्कार म्हणजे डाव्या हाताने घातलेली पुढची दोन शून्यं." तिने ती घातली, ताईताशिवाय ड्रायव्हर हिरवा. मग पत्रा पुन्हा तीन केला आणि खाली वाळूचा थर दिला. लाल नारिंगीवर आलं.

"पुरतो हिरवो नाय झालो?" शेवंतीने विचारलं.

"नाही, काकी. खोटं सांगणार नाही. वाळू थोडं तरी अडवते. ताईत काहीच अडवत नाही."

शेवंतीने चिठ्ठी फाडली. पाकिटाच्या पाठीवरच लिहिलं, 'गोणी काढू नको. आणखी एक घाल.' आणि टपालासाठी धावली. या गोंधळात स्वामी कधी सटकले, कुणाला कळलं नाही.

दिवेलागणीला मी देवाला दिवा लावला. मोडलेल्या मौनाची क्षमा मागितली नाही. बायांनो, हात जरूर जोडा. पण समोरच्याचे हातही जुळलेत ना, एवढं डोळे उघडून बघा.