लालसाहेबाचं ताट

सतरा वर्षं झाली, माझ्या लेकानं, तेजरामनं, माझ्या हातचं शिजलेलं खाल्लं नाही. भिलाईच्या खुर्सीपारात एकाच खोलीत राहतो आम्ही. तो पोलादाच्या कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर ड्युटी करते, कॅन्टीनमध्ये जेवते, सुट्टीच्या दिवशी आपला भात आपणच शिजवते. मी मरायच्या आधी त्यानं माझ्या हातचे दोन घास खावे, एवढंच मले पाहिजे होतं. बाकी सारं गेलं चुलीत.

कारण सांगते, लपवायचं काय त्यात? राणीसाहेब आमच्या भंडाऱ्याकडल्या. त्याइच्यासंगं मी जंगलातल्या त्या लहानशा संस्थानात गेली. राणीसाहेब बाळंतपणात गेल्या, दोन वर्षांनी राजा गेला, अन् राजाचा भाऊ गादीवर डोळा ठेवून बसला. राणीसाहेबाचा पोरगा, लालसाहेब, जन्मापासून माझ्या हवाली. माझं दूध लालसाहेबाले, तेजरामले पेज. लालसाहेब जेवायला लागला तसं दरेक ताट आधी मी चाखत होती. चाखलं की उदबत्ती लावायची. ती विझेपर्यंत मी जित्ती राहिली तर मंग त्यानं जेवायचं, थंडगार. माझी, या मथुरा दाईची अक्कल होती ही, दुसऱ्या कोणाची नाही.

एक दिवस तेजरामनं त्या ताटातल्या पुरीले हात लावला. पाच वर्षांचा होता, भुकेला होता. मी चुलीतला तापला चिमटा हाणला. मनात आलं, लालसाहेबाच्या काकानं याच्याच हातून जहर पाठवलं असन तर? पोटच्या पोरावर शक घेतला मी. तो डाग त्याच्या हातावर अजून हाये.

पुढं राज बुडालं. भट्टीचं काम निघालं तसा तेजराम भिलाईले येऊन भरती झाला, मी त्याच्या मागं. त्यानं बोलावलं नाही, अन् हाकललंही नाही.

मागच्या जेठात एका दुपारी लालसाहेबाची जीप दारात उभी राहिली. सारी गल्ली गोळा झाली. बावीस वर्षांचा मानूस, पण वाळून काडी झालेला. त्याले लेक झाला होता. काका मेला, पण काकाची पोरं वाड्यासाठी टपून होती. म्हणून दाईनं चलावं अन् आता त्याच्या लेकाचं ताट चाखावं, असं त्याचं म्हणणं. तेजराम ड्युटीचे कपडे घालून राहिला होता. तो इतकंच बोलला, की गेली तर परत येऊ नको, अन् इथं या घरात चाखलं तरी हे घर तुले बंद.

घरी आलेल्याले उपाशी कसं धाडू? भात, लाखोळीची डाळ अन् चेच भाजी वाढली. लालसाहेबानं ताट माझ्याकडं सरकवलं, खिशातून उदबत्ती काढली अन् हातात धरून बसला.

माझ्या अंगाची आग झाली. एवढा मोठा घोडा, एका पोराचा बाप! अन् त्याले हे शिकवलं कोणी? मीच ना, बाई.

"मी चाखणार नाही," मी म्हणलं. "जहर नाही त्यात. खायचं असन तर खा."

त्याचा हात ताटाकडं गेला अन् वापस आला. खोटं नव्हतं ते, त्याच्यानं खाणंच होत नव्हतं. तेव्हा तेजराम येऊन समोर बसला, ताट ओढलं अन् घास घेतला. लालसाहेबानं सवयीनं उदबत्ती पेटवली. पण तेजराम थांबला नाही. उदबत्ती अर्धी जळेस्तोवर त्यानं ताट साफ केलं. मंग डागाचा हात माझ्यापुढं धरला.

"आता नाही उचलत चिमटा?"

मी रडली. लालसाहेब उपाशीच उठला. मी त्याच्या मागं जीपपर्यंत गेली.

"मी येत नाही, बाबू. तुह्या लेकाले गरम जेवू घाल."

जीप गेली. तेजरामही ड्युटीवर गेला. मी वेड्यासारखी खुश. ताजा भात टाकला, वांगं केलं, त्याचं ताट वाढून दारात बसली. ड्युटी करून तो आला, हातपाय धुतले, ताटाकडं पाहिलं.

"मी कॅन्टीनमध्ये जेवून आलो," म्हणे. "दुपारी खाल्लं ते लालसाहेबाचं ताट होतं."